तेलातली साळुंकी

गुरुपूजा आणि व्याह्यांची पहिली भेट, दोन्ही एकाच गुरुवारी घरात येऊन पडल्या. याचा दोष रत्चनीने तिघांना दिला : ज्योतिष्याला, बापाला आणि पोरीला. ज्योतिषी बापलेकीचा एकच होता. गुरुपूजेचा मुहूर्त त्याने बापाला काढून दिला, भेटीचा लेकीला, आणि एकाच दिवसात दोघांनाही खूश करून मोकळा झाला.

"चांगला दिवस सगळ्यांनाच चांगला असतो," आचान उथित म्हणाले. सत्त्याहत्तर वर्षांचे आचान, म्हणजे गुरुजी, पहाटेपासून पांढऱ्या कपड्यांत ओसरीवर बसले होते. समोर ऋषींचे मुखवटे मांडले होते, उकडलेली डुकराची डोकी होती, केळी होती, नारळांचा ढीग होता. थायलंडमधल्या आंगथाँगच्या त्या गावात त्यांच्या घराची ओळख पन्नास वर्षं एकच होती. हातभर लांब सुईने ते पाठीवर वाघ गोंदायचे, मारुती गोंदायचे, मंत्रांच्या ओळी आणि शिखरं गोंदायचे. पोलीस त्यांचे शिष्य होते, आणि पोलीस ज्यांच्या मागे धावायचे तेही. दोघांच्या पाठीवर वाघ एकच असल्यामुळे बहुतेक वेळा कुणी कुणाला सापडत नसे.

"बाबा, बाराला ते लोक येणार. आणि बाराला तुमच्या शिष्यांच्या अंगात वाघ येऊन ते डरकाळ्या फोडणार," रत्चनी म्हणाली. "नोपचे वडील, आपले होणारे व्याही, निवृत्त जिल्हा अधिकारी आहेत. त्यांनी काय समजायचं?"

"बसून बघितलं तर समजेल."

रत्चनी गावातल्या शाळेची उपमुख्याध्यापिका होती. दर सोमवारी झेंड्यासमोर ती पोरांच्या कॉलरी मागे ओढून माना तपासायची. ज्याच्या मानेवर शाई सापडेल त्याचा बाप दुसऱ्या दिवशी शाळेत. बाप यायचा तेव्हा त्याच्या मानेवर हटकून तिच्याच वडिलांच्या हातचं गोंदण असायचं, आणि तो तिला वाकून नमस्कार करून म्हणायचा, "गुरुजी बरे आहेत ना?" या एका वाक्याने तिचं ब्लडप्रेशर वाढलं होतं, असं डॉक्टरला तिने स्वतः सांगितलं होतं.

दहाच्या सुमाराला तिचा धाकटा भाऊ अदुन आला. अयुथयात त्याचा दवाखाना होता आणि तिथे तो लेसरने गोंदण पुसायचा. बाप गोंदतो, लेक पुसतो, असं गावात हसून बोललं जाई. ते खोटं नव्हतं. कारखान्यात नोकरी लागली, पोलीसभरतीचा अर्ज भरला, की बापाचे शिष्य लेकाकडे जात. अदुनने पहिला प्रयोग स्वतःवर केला होता. लहानपणी बापाने त्याच्या छातीवर पाच ओळी गोंदल्या होत्या. शाई गेली, पण पाचही ओळी पांढऱ्या वणांच्या रूपाने तशाच राहिल्या. म्हणून तो गळ्यापर्यंत बटणं लावायचा.

"ताई, यंत्र गाडीत आहे," तो म्हणाला. "मुकदाची पहिली बैठक आजच करू. अशा चार केल्या की लग्नापर्यंत मान कोरी."

"पाहुणे येतायत, आणि तू आजच?"

"अगं, त्यांच्यासमोरच करू. आपण कामाला लागलोय हे त्यांना दिसेल तरी."

"माझ्या मानेबद्दल चाललंय ना?" दारातून मुकदा म्हणाली. "मान इकडे आहे. जरा तिलाही विचारा."

मुकदा रत्चनीची एकुलती एक. अठ्ठावीस वर्षांची. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त काढायचं काम करायची. तिच्या हाताला इतकी सफाई होती की लहान पोरंसुद्धा रडायचं विसरत. तीन वर्षांपूर्वी तिने आजोबांकडून मानेवर नऊ शिखरं गोंदवून घेतली तेव्हा रत्चनी अकरा दिवस तिच्याशी बोलली नव्हती. आता दातांचा डॉक्टर नोप तिच्याशी लग्न करणार होता. त्याच्या आईने फोटो पाहिला आणि निरोप पाठवला : मुलगी गोड आहे, फक्त मान साफ करून घ्या. लग्नाच्या पोशाखात एक खांदा उघडा राहतो, आणि फोटो चार लोकांत जातात.

"तुला काय सांगायचंय ते लग्नानंतर सांग," रत्चनी म्हणाली.

"लग्नानंतर ऐकायला कोण असेल?"

आजोबांनी डोळे मिटून घेतले. घरातलं भांडण सुरू झालं की ते मंत्र पुटपुटू लागत. त्यामुळे त्यांना कुणी काही विचारू शकत नसे.

*

गाडी मुख्य रस्ता सोडून कालव्याकडे वळली आणि नोपच्या आई, ओरवानबाई, एकदम ताठ बसल्या.

हे वळण त्यांनी पाहिलं होतं. हे वडाचं झाड, झाडाला गुंडाळलेली रंगीत फडकी, आणि पुढे लाकडी कुंपणाचं घर. बावीस वर्षांपूर्वी त्या इथे आल्या होत्या. काळ्या काचांच्या भाड्याच्या गाडीतून, काळा चष्मा लावून, डोक्याला रुमाल बांधून. नवरा तेव्हा तीन वर्षं एकाच खुर्चीवर अडकला होता आणि घरात बायकोचं एक अक्षर ऐकत नव्हता. कुणीतरी सांगितलं, आंगथाँगला एक आचान आहे, तो तेलाने गोंदतो. शाई नाही, डाग नाही. सुई तीच, मंत्र तोच, पण चार दिवसांनी कातडी जशीच्या तशी. मोठ्या घरच्या बायका तिथे जातात.

त्यांनी दोन्ही खांद्यांच्या खाली साळुंक्यांची जोडी गोंदवून घेतली होती. साळुंकी गोड बोलते आणि तिचं बोलणं कुणी मोडत नाही, असं म्हणतात. पुढच्या सहा वर्षांत नवऱ्याला, म्हणजे प्राचुमसाहेबांना, तीन बढत्या मिळाल्या आणि त्यांनी बायकोचा एकही शब्द खाली पडू दिला नाही. त्यानंतर ओरवानबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष झाल्या, आणि तरुण मुलींच्या अंगावरची शाई हे संस्काराच्या ऱ्हासाचं लक्षण आहे, या विषयावर त्यांनी चौदा भाषणं केली.

"मुकदाचे आजोबा काय करतात म्हणालास?" त्यांनी मुलाला विचारलं.

"पूजापाठ," नोप म्हणाला. मुकदाने त्याला सगळं सांगितलं होतं. त्याने आईला सांगताना मधलं गाळलं होतं.

"हे लोक तर फारच आहेत," प्राचुमसाहेब खिडकीतून बघत म्हणाले. कुंपणाबाहेर शंभरेक गडी उघड्या पाठीने उभे होते. सगळ्या पाठी भरलेल्या. "छान आहे. जत्रा आहे की काय?"

ओरवानबाईंनी पर्समधून काळा चष्मा काढला, क्षणभर विचार केला, आणि परत ठेवून दिला. त्याच चष्म्याने ओळखलं तर?

*

जेवण मागच्या पडवीत होतं. तांदळाच्या शेवया, नारळाच्या दुधातली हिरवी कढी, वाफवलेले मासे. रत्चनीने पाहुण्यांना पंख्याखाली बसवलं आणि शाळेचा निकाल, गावचा रस्ता, हवा असे सगळे निरुपद्रवी विषय काढले. अदुनने मात्र पहिल्या पाच मिनिटांतच लेसरचा विषय काढला.

"बाईसाहेब, चिंता करू नका. चार बैठका. डागसुद्धा राहणार नाही."

"डाग राहत नाही?" ओरवानबाईंनी त्याच्या गळ्याच्या बटणाकडे पाहिलं.

"आता यंत्रं सुधारलीत."

"मुलीची तयारी आहे ना पण?" प्राचुमसाहेबांनी विचारलं. मुकदा तोंड उघडणार तेवढ्यात रत्चनी म्हणाली, "तिचीच इच्छा आहे."

"आई!"

"माशाला काटे फार आहेत, नोप. जपून खा," रत्चनी म्हणाली.

नोप खाली मान घालून काटे काढत राहिला. काटे काढायचं काम त्याने त्या दुपारी फार मन लावून केलं.

पुढच्या अंगणातून ढोल वाजला. आचानांनी निरोप पाठवला : गुरुपूजेच्या वेळी घरात आलेला पाहुणा मागच्या पडवीत बसून राहणं बरं दिसत नाही, सगळ्यांनी पुढे यावं. रत्चनीने कपाळाला हात लावला. "मला ऊन सोसत नाही," ओरवानबाई म्हणाल्या. पण प्राचुमसाहेब आधीच चपला घालून निघाले होते. बावीस वर्षांत बायकोला न विचारता ते पहिल्यांदाच कुठेतरी निघाले होते.

पाहुण्यांना ओसरीच्या पायरीपाशी खुर्च्या दिल्या. आचानांनी ओरवानबाईंकडे पाहिलं, मान किंचित झुकवली आणि नजर पुढे नेली. त्यात ओळख होती की नव्हती हे बाईंना कळेना. ओळख असती तर त्या घाबरल्या असत्या. नसती तर त्यांना राग आला असता.

मंत्र सुरू झाले.

पहिल्यांदा अंगात आलं ते बुनमाच्या. तो बाजारात डुकराचं मांस विकायचा. देह दीड माणसाचा. गोंदणाची शक्ती जाऊ नये म्हणून बायकांचे परकर वाळत घातलेल्या दोरीखालून तो कधी जात नसे. त्यासाठी सकाळी त्याने पूर्ण घराला वळसा घातला होता. आता त्याची मान ताठ झाली, बोटं वाकडी झाली आणि त्याने अशी डरकाळी फोडली की खुराड्यातल्या कोंबड्या गप्प झाल्या. चार पायांवर तो ऋषींच्या मुखवट्यांकडे धावला, वाटेत नारळांचा ढीग उधळला. सहा जणांनी त्याला धरला, दोघांनी कान चोळले, तेव्हा कुठे वाघ उतरला आणि बुनमा "मी कुठे आहे?" असं विचारत बसला.

मग बसचा कंडक्टर उड्या मारू लागला, त्याच्यात मारुती आला होता. एक वाळका सुतार कमरेत वाकून, नसलेली काठी टेकत चालू लागला, त्याच्यात ऋषी आले होते. अंगणभर धूळ, घाम, डरकाळ्या. प्राचुमसाहेब खुर्चीच्या काठावर आले होते. "हे दर गुरुवारी असतं का?" त्यांनी अदुनला विचारलं.

ओरवानबाईंनी आधीच तयारी केली होती. गालाची आतली बाजू दातांत धरली, पर्स पोटाशी आवळली, पाय जमिनीत रोवले. काही झालं तरी अंगात येऊ द्यायचं नाही. चौदा भाषणांची अब्रू होती. पहिली पाच मिनिटं काही झालं नाही, त्यांनी देवाचे आभार मानले. दहा मिनिटं झाली. त्यांनी गाल सोडला. पंधरा मिनिटांनी पर्स मांडीवर आली. शेजारी एक पोरगेलासा रिक्षावाला नागासारखा डोलायला लागला, तेव्हा त्यांच्या मनात नकळत आलं : याला येतं? याला?

खांद्यांखाली काहीच हललं नाही. शिरशिरीसुद्धा नाही. बावीस वर्षं ज्या दोन पक्ष्यांच्या जिवावर संसार केला, नवऱ्याला वर चढवला, मंडळ चालवलं, ते पक्षी आज, खुद्द गुरूच्या दारात, झोपले होते? की मुळात नव्हतेच?

मंत्र थांबले. शांततेत ओरवानबाई उभ्या राहिल्या.

"गुरुजी, त्या खाटकाला आलं. त्या कंडक्टरला आलं. मग मला का नाही आलं?"

अंगणातल्या शंभर पाठी वळल्या.

"तुला का यावं, ओरवान?" प्राचुमसाहेबांनी विचारलं.

बाईंना आपण काय बोललो ते आत्ता कळलं. पण बोललेलं परत गिळायची त्यांना सवय नव्हती. "मीही इथूनच करून घेतलंय म्हणून," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांपूर्वी. तेलाचं. जोडी. तुम्ही म्हणालात, ही कधी गप्प बसणार नाही. मग आज का गप्प? फसवलंत का मला?"

आचानांनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं.

"बाईसाहेब, वाघ असता तर वाघ आला असता. तुमच्याकडे साळुंकी आहे. ती मघापासून आलेलीच आहे. बोलायची थांबली आहे का ती?"

हसू पहिल्यांदा फुटलं ते प्राचुमसाहेबांना. त्यांना ते आवरेना. "म्हणजे बावीस वर्षं मी साळुंकीचं ऐकतोय," ते डोळे पुसत म्हणाले. "आणि मला वाटत होतं, माझा स्वभावच भिडस्त आहे."

"तुमचं भलंच झालं ना?" ओरवानबाई तडकल्या.

"झालं ना. मी कुठे नाही म्हणतोय? म्हणायची सोयच नव्हती!"

*

कुणाचं बिंग फुटलं की रत्चनीला एक गोष्ट चांगली जमायची. फुटलेल्या बिंगातून ती लगेच नातं जुळवायची. ती पुढे झाली आणि बाईंचा हात धरला. "म्हणजे आपण एकाच गुरूच्या घरच्या निघालो. मग आता मानेचा प्रश्न उरलाच कुठे?"

"उरला कसा नाही?" ओरवानबाई सावरल्या होत्या. "माझा आक्षेप गोंदण्याला कधीच नव्हता. दिसण्याला होता. माझं कुणाला दिसलं? यांना तरी दिसलं का?"

"मला ऐकू आलं," प्राचुमसाहेब म्हणाले.

"मार्ग सोपा आहे," अदुन मध्ये पडला. "शाई मी पुसतो. मग तीच नऊ शिखरं बाबा तेलानं काढतील. बाईसाहेबांना मान कोरी मिळेल, मुकदाला शिखरं मिळतील. आणि तेलावर लेसर चालत नाही, तेव्हा पुढे मीसुद्धा काही करू शकणार नाही. सगळे निर्धास्त."

"तेलानं केलं तर माझीही हरकत नाही," रत्चनी म्हणाली. शाळेत तेल कधी सापडणार नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं.

"हे छानच झालं, मुकदा," नोप पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलला. "कुणालाच काही सोडावं लागत नाही."

"मला मान सोडावी लागते," मुकदा म्हणाली.

सकाळपासून चार बाजूंना ओढणारी चार माणसं दुपारी एका बाजूला झाली होती. मुकदाने आजोबांकडे पाहिलं. त्यांचे हात मांडीवरच्या पांढऱ्या वस्त्राखाली होते. तीन वर्षं ते तिथेच असत. ती वाट बघत होती. त्यांनी नाही म्हणावं. तेलाचं नको, असं म्हणावं. निदान डोळे मिटून मंत्र पुटपुटावेत.

पण समोर शंभर शिष्य होते, जिल्हा अधिकारी होते, आणि बावीस वर्षांनी परत आलेली मोठ्या घरची बाई होती. आचान ताठ बसले.

"करीन की," ते म्हणाले. "नातीच्या मानेवर माझ्या हातानं तेल. त्यात काय अवघड आहे?"

"कुठल्या हातानं, आजोबा?" मुकदाने विचारलं.

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण अंगणात ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"मुकदा," आजोबा म्हणाले.

"तीन वर्षं मी गप्प बसले. तुम्ही म्हणालात, कळलं तर लोक उठून जातील. बसले गप्प. मनगट माझं दुखतं, नमस्कार तुम्हाला होतात, तेही चालवलं. आता माझ्याच मानेवर तुम्ही खोटं बोलणार?"

रत्चनी म्हणाली, "काय बोलतेयस तू?"

आजोबांनी समोरच्या गर्दीकडे एकवार पाहिलं. मग त्यांनी उजवा हात वस्त्राखालून बाहेर काढला आणि समोर धरला. हात पालीच्या तुटलेल्या शेपटीसारखा हलत होता. मनगटातली माळ खुळखुळत होती. शंभर माणसं तो आवाज ऐकत राहिली.

बुनमा हळूहळू उठला. "माझा वाघ दोन वर्षांपूर्वीचा आहे."

"माझा आहे तो," मुकदा म्हणाली.

"तू तर कातडी ताणून धरायचीस."

"एका हातानं ताणायची, एका हातानं टोचायची. मंत्र आजोबा म्हणायचे. तुझं तोंड उशीत होतं."

"मी रडलो होतो त्या दिवशी," बुनमा पुटपुटला.

"आईला हाका मारल्यास. मी कुणाजवळ बोलले का?"

कंडक्टर ओरडला, "बाईच्या हातचा मारुती? माझ्या पाठीवर?" त्याने पाठ झटकली, जणू मारुती अजून ओला होता. "परकराच्या दोरीखालून जात नाही आम्ही, आणि इथे—" पुढचं त्याला सुचलं नाही. तो निघाला. त्याच्या मागे पंधरा-वीस जण निघाले, मग आणखी काही. दारात अदुन उभा होता. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो आपलं कार्ड देत होता आणि हळूच सांगत होता, "पहिली बैठक माझ्याकडून."

"मघाशी तुमच्या अंगात वाघ आला की नाही?" आचानांनी पाठमोऱ्या शिष्यांना विचारलं. त्यांचा आवाज मात्र हलत नव्हता. "नुसता आला नाही, नारळ उधळून गेला. मग तो कुणी काढला हे त्या वाघाला कळलं नाही, आणि तुम्हाला कळलं?"

काही थांबले, बरेच थांबले नाहीत.

रत्चनीला गर्दीचं काहीच दिसत नव्हतं. ती मुलीच्या मागे येऊन उभी राहिली होती आणि सवयीने तिने कॉलर मागे ओढली होती. मान तिने तीन वर्षांत नीट पाहिलीच नव्हती. आठ शिखरं सरळ होती. नववं एका बाजूला कललं होतं, शेवटची रेघ कानाकडे घसरली होती.

"हे वाकडं आहे," ती म्हणाली.

"त्या दिवशी त्यांचा हात गेला. तिथपर्यंत ते करत होते. त्यानंतर त्यांनी सुई धरली नाही," मुकदा म्हणाली. "हे पुसायचंय का मामाला?"

रत्चनीने रेघेवरून बोट फिरवलं. मुलांच्या वह्यांवर ती अशा रेघेखाली लाल खूण करायची. तिने कॉलर सोडली, नीट केली, आणि भावाला हाक मारली. "अदुन, ते यंत्र गाडीतच राहू दे."

"पण ताई, लग्न—"

"राहू दे म्हटलं ना!"

ओरवानबाई उठल्या. शाई एक वेळ समजू शकते, पण सून पुरुषांच्या उघड्या पाठींवर बसून काम करते, हे महिला मंडळात कसं सांगायचं? मुकदाने नोपकडे पाहिलं.

"तुला काय वाटतं?"

"आई म्हणते—"

"मी तुझ्या आईला नाही विचारलं."

नोपने आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, मुकदाच्या खांद्यावरून पलीकडच्या वडाकडे पाहिलं. "मी गाडी वळवून आणतो," तो म्हणाला.

प्राचुमसाहेब तेवढे जाताना थांबले. त्यांनी आचानांना वाकून नमस्कार केला, मग मुकदालाही केला. "बाळ," ते हळू आवाजात म्हणाले, "कमी ऐकू यावं यासाठी काही गोंदतात का?"

"नाही हो," मुकदा म्हणाली. तिला हसू आलं आणि रडूही.

*

तारीख कळवतो, असं म्हणून गेलेल्यांनी तारीख कळवली नाही. गावात आठवडाभर दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, आचानांनी धर्म बुडवला. दुसऱ्याचं म्हणणं, धर्म बुडाला असता तर बुनमाला एवढा मोठा वाघ आलाच नसता. रत्चनीने सोमवारी माना तपासल्या, नेहमीसारख्याच. एका पोराच्या बापाने येऊन तिला विचारलं, "मुकदाताई बऱ्या आहेत ना?" ब्लडप्रेशरची गोळी तिने त्या दिवशी दोनदा घेतली, पण पोराला वर्गात बसू दिलं.

पुढच्या गुरुवारी ओसरीवर चारच माणसं आली. त्यांत कारखान्यातली दोन बाईमाणसं होती. आजवर ती कुंपणापर्यंत येऊन परत जायची. आचानांनी आपली बसायची चटई स्वतः सरकवली, मुकदाला तिच्यावर बसवलं आणि आपण शेजारी बसले. त्यांनी हट्टाने कातडी ताणायचं काम मागून घेतलं होतं.

"आजोबा, नीट धरा."

"धरलंय. हात हलतोय, मी नाही."

पालथा पडलेला बुनमा उशीतून म्हणाला, "तुमचं ठरलं की सांगा. वाघाच्या डाव्या कानाचं तेवढंच राहिलंय."

तेवढ्यात फोन वाजला. मुकदाचे दोन्ही हात अडकले होते, म्हणून आजोबांनी फोन तिच्या कानाला धरला. तो कानावर टकटक आपटत राहिला. नोप होता. आधी हवापाणी झालं, मग घसा साफ करणं झालं.

"आई विचारतेय," तो म्हणाला, "बावीस वर्षांत तेलाचा गुण उतरतो का? हल्ली बाबा तिचं ऐकत नाहीत. परत करून देशील का? कुणी नसेल अशा वेळी?"

"गुरुवारी सात वाजता रांग लागते. रांगेत बसायला सांग."

"सांगतो." मग त्याने आवाज उतरवला. "आणि मुकदा, आपलं..."

"ते तू विचारतोयस, की तेही तिनेच विचारायला सांगितलंय?"

नोपने पुन्हा घसा साफ केला. मागून, फोनपासून जरा लांब, घाईघाईचा आवाज आला, "विचारलंस का रे? आणि तिला आधीच सांग, मला शाई नको म्हणावं!"

मुकदाने आजोबांना फोन ठेवायला सांगितलं आणि सुई शाईत बुडवली.